इंदूबाईंच्या हातातली साडी

पहिले तीन आठवडे मी इंदूबाईंना मोठ्या घरची बाई समजत होते. माझं पिकोचं मशीन दुकानाच्या दारालगत, काचेच्या कपाटाच्या आडोशाला होतं. तिथून आत येणारी प्रत्येक बाई मला दिसायची. इंदूबाई दिवसाआड यायच्या. अंगावर भारी साडी, हातात पाटल्या, पायात आवाज न करणाऱ्या चपला. गादीवर बसताना पदर असा काही मांडीवर ओढून घ्यायच्या की शेजारची बाई आपोआप थोडी सरकून बसायची. कधी एक साडी घ्यायच्या, कधी दोन, आणि पिशवी काखेत मारून निघून जायच्या.

मला एकच गोष्ट खटकायची. इतक्या साड्या घेणारी बाई एकाही साडीला फॉल लावायला माझ्याकडे देत नव्हती. मला वाटायचं, त्यांची दुसरी कोणी पिकोवाली असणार. त्या न पाहिलेल्या बाईचा मला हेवाही वाटायचा.

एके दुपारी पाणी प्यायला मागच्या खोलीत गेले, तर इंदूबाई परकर-पोलक्यावर उभ्या राहून नेसलेल्या साडीची घडी घालत होत्या. खुंटीवर एक विटकी सुती साडी लटकत होती. पाटल्या काढून त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्या होत्या. मला बघून त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "दार लाव गो. लोकं बघतात."

त्या मागच्या गल्लीतून दुकानात यायच्या, दुकानातलीच साडी नेसायच्या, पुन्हा मागच्याच दाराने बाहेर पडून मंडईला वळसा घालायच्या आणि गिऱ्हाईक म्हणून पुढच्या दाराने आत यायच्या. घेतलेली साडी संध्याकाळी परत कपाटात जायची.

दुकान दामूशेठचं. ते भिवंडीलगतच्या राहनाळ गावचे. भातशेती होती, ती गोदामांना गेली, आणि त्यातून त्यांनी भिवंडीत मंडईजवळ हे साड्यांचं दुकान टाकलं. शेठना कापडातलं काही कळत नव्हतं. ते काम अन्सारभाईंचं. अन्सारभाईंच्या घरात तीन पिढ्या मागावर बसलेल्या. ते डोळे मिटून नुसत्या बोटांनी सूत सांगायचे. शेठना माणसं कळायची. इंदूबाई त्यांनाच सापडल्या होत्या.

इंदूबाई जवळच्याच टेमघरच्या. नवरा लूमवर होता. खटखटाटात त्याचे कान गेले आणि मग कामही गेलं. मुलगा लग्न करून वेगळा राहिलेला. इंदूबाई राहनाळच्या एका गोदामात कापडाच्या घड्या मारायला जायच्या. एकदा शेजारणीला साडी घ्यायची होती म्हणून तिच्यासोबत आमच्या दुकानात आल्या. स्वतःला काही घ्यायचं नव्हतं. हातांना सवय होती म्हणून त्यांनी समोर पडलेली एक विस्कटलेली साडी उचलली आणि नीट घडी घालायला घेतली. काठ जुळवला, उजेडाकडे धरला, तळव्याने सपाट केला. शेठनी पाहिलं, आजूबाजूच्या चार बायकांचे हात थांबले होते आणि सगळ्या त्याच साडीकडे बघत होत्या. त्यातल्या दोघींनी तशीच मागितली. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः टेमघरला जाऊन इंदूबाईंना रोजावर बोलावून आले.

"ये बाईचे हाताला काहीतरी हाय," शेठ आपल्या आगरी बोलीत अन्सारभाईंना म्हणायचे. "ती काय धरील, ते खपतं."

इंदूबाईंना हे हाताबिताचं काही पटायचं नाही. त्या हसायच्या. त्यांचं हसू बरं नव्हतं. एकदा फॉल टाचताना मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला जमतं कसं?

"जमायचं काय त्यात? बाई साडी बघतच न्हाय. दुसरी काय बघते, ते बघते. म्हशी बघितल्यास का पान्यावर जाताना? पहिली कुनीकडं वळली ते बघतात नि चालतात."

"म्हणजे आपण सगळ्या म्हशी?"

"मी न्हाय," त्या म्हणाल्या.

त्यांचे काही नियम होते. चांगली म्हणून कुठल्याच साडीला कधी म्हणायचं नाही. उलट तोंड जरा वाकडं करून अन्सारभाईंना सांगायचं, "ही बाजूला ठेवा, मी मिस्टरांना विचारून येते." बाजूला ठेवलेली साडी शेजारणीला हवीच असायची. दुसरं म्हणजे दुकानातली बोली वेगळी. मागच्या खोलीत न्हाय-हाय करणाऱ्या इंदूबाई गादीवर बसल्या की शाळेच्या बाईंसारखं बोलायच्या. तिसरा नियम मला त्यांनी चहा पिताना सांगितला, आणि तो ऐकून माझा चहा कडू झाला.

"चार बायका आल्या की त्यात एक मालकीन असते. सासू, मोठी जाऊ, पैशेवाली बहीन. समदे दुकानदार तिच्याच पाठी लागतात. मी तिच्याकडं बघत पन न्हाय. तिच्या मागं एक असते बघ, बोलत नसते, नुसती एका साडीला धरून उभी असते. तिच्या हातातली साडी मी काढून घेते. 'तुम्ही घेताय का? नाही ना? मग मी बघू?' असं इचारायचं. ती सोडते. सोडतेच. मग मालकीन बघते, आपल्या मान्साच्या हातातलं परक्या बाईनं नेलं. आता तिला ती साडी पायजेलच."

"आणि ती मागची?"

"तिचं काय? ती घरी गेल्यावर रडते," इंदूबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा संपवला.

एका वर्षी शेठनी कुठून तरी पोपटी रंगाच्या, तपकिरी काठाच्या साड्यांचा एक गठ्ठा आणला. रंग इतका वाईट की अन्सारभाईंनी त्या खालच्या फळीवर ढकलल्या. "शेठ, ये तो कोई मुफ्त में भी नहीं ले जाएगा," ते म्हणाले. इंदूबाईंनी त्यातली एक काढून मांडीवर ठेवली आणि अन्सारभाईंशी भांडायला सुरुवात केली. त्यांना एक नको, दोन हव्या होत्या. नणंदेलाही तशीच पाहिजे, कारण टीव्हीवरच्या मालिकेतली मोठी सून परवा हीच नेसली होती. अन्सारभाई म्हणाले, एकच आहे. इंदूबाई म्हणाल्या, मी आगाऊ सांगून गेले होते. आवाज चढला. दुकानातल्या बायका जवळ आल्या. तासाभरात चार साड्या गेल्या आणि आठवड्यात सगळा गठ्ठा.

पुढच्या महिन्यात राहनाळला एका हळदीला मी गेले होते. मांडवात बारा-तेरा बायका त्याच पोपटी साडीत. एकमेकींकडे बघत नव्हत्या, पाठ करून बसल्या होत्या. दोन सख्ख्या जावा तर तिथेच भांडल्या. मी परत येऊन इंदूबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग मला खोदून खोदून विचारत राहिल्या, कोण कशी बसली होती, कुणाचं तोंड कसं झालं होतं. मीही सांगत राहिले. हसत होते मीसुद्धा. साड्या खपल्या की फॉलचं काम मला मिळत होतं, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

मग मरून शालूंचा लॉट आला.

लग्नाचे शालू होते, मरून रंगाचे, सोनेरी बुट्ट्यांचे. लांबून बघितले तर डोळे दिपावेत असे. गोदामात पाणी शिरून भिजलेला माल होता. कुणीतरी वाळवून, कडक इस्त्री मारून विकायला काढला होता. अन्सारभाईंनी एक पदर दोन बोटांत चोळला आणि शेठकडे नुसतं बघितलं. शेठ म्हणाले, "तू कपराचं बघ, दुकानाचं मी बघतो."

मला कळलं ते फॉल लावताना. आम्ही फॉलची पट्टी आधी भिजवून वाळवतो, म्हणजे नंतर आटत नाही. त्या दिवशी पट्टी थोडी दमट राहिली होती. शालूवर टाचून ठेवली, अर्ध्या तासाने बघते तर पट्टी गुलाबी झालेली. माझी बोटंही. मी ती बोटं तशीच घेऊन मागच्या खोलीत इंदूबाईंकडे गेले.

"बघा. रंग सुटतोय याचा."

इंदूबाईंनी माझा हात हातात घेऊन नीट बघितला. "साबन लाव, जाईल."

"अहो, नवरीच्या अंगावर सुटला तर?"

"लग्नात पानी कुठं लागतं? अक्षता तर कोरड्या असतात," त्या म्हणाल्या आणि पाटल्या चढवायला लागल्या.

मी हात धुतला. तेवढ्यावरच सोडलं.

रंजना त्याच आठवड्यात आली. गणेशपुरीची होती. गरम पाण्याच्या कुंडांच्या वाटेवर फुलं आणि वेण्या विकायची. नवरा नव्हता. सोबत मुलगी, वनिता, जिचं लग्न वैशाखात ठरलेलं. मुलगी बुजरी होती, पण तिची निवड पक्की होती. तिला एक मोतिया रंगाची साडी आवडली होती, साधी, हिरव्या काठाची. माल उत्तम. अन्सारभाईंनी ती तिच्या खांद्यावर टाकली तेव्हा मी मशीन थांबवून बघितलं. ती पोर एकदम उजळली. मायलेकी आरशासमोर उभ्या राहून हळूच हसल्या.

दुपारची लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच ट्यूब जळत होती. इंदूबाई शेजारी येऊन बसल्या आणि अन्सारभाईंना म्हणाल्या, "तो मरून शालू काढा. कालचा. माझ्या मुलीसाठी ठेवायला सांगितलेला."

इंदूबाईंना मुलगी नव्हती. कधीच नव्हती.

शालू उलगडला. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात तो रक्तासारखा दिसत होता. इंदूबाई रंजनाकडे वळल्याच नाहीत. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या. "मुलगी माझी म्हणते मोतिया घे. मी म्हटलं, अगं, मोतिया रंगात नवरी करवलीसारखी दिसते. सासरची माणसं विचारतात, नवरी कोणती?"

वनिताने खांद्यावरची साडी खाली घेतली.

"तुमच्या पन मुलीचं लग्न हाय का, ताई?" रंजनाने विचारलं.

"मार्गशीर्षात आहे. पण चांगलं दिसलं की घेऊन ठेवावं. हे दोनच राहिलेत म्हणे."

"तुम्ही दोन्ही घेताय?"

"एक घेते. दुसरा बघू, कुणाच्या नशिबात आहे."

रंजनाने शालूवर हात ठेवला, मग मुलीकडे बघितलं. वनिता हळू आवाजात म्हणाली, "आई, मला ती मोतियाच." रंजना तिला म्हणाली, "तुला काय कळतं गो? या ताई शिकलेल्या हायत. त्या आपल्या पोरीला घेतात, म्हंजे बघूनच घेत असतील ना." इंदूबाई फक्त कसनुसं हसल्या. नको म्हणाल्या नाहीत, घ्या म्हणाल्या नाहीत.

फॉल लावायला शालू माझ्याकडे आला. वनिता माझ्या मशीनसमोर उभी राहून सुई खालीवर होताना बघत होती. मी तिला सांगू शकले असते. मी पट्टी कडक वाळवून घेतली, म्हणजे गुलाबी होणार नाही.

मार्गशीर्ष लागायच्या आधी, लग्नसराईची पहिली गर्दी सुरू झाली तेव्हा, एका सकाळी रंजना पुन्हा दुकानात आली. एकटीच. हातात कापडी पिशवी. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती आली ती थेट माझ्याजवळ, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमाला त्या ताईंचा पत्ता म्हाईत हाय का? त्यांनी पन तोच शालू घेतलेला, त्यांच्या मुलीला. मार्गशीर्षात लग्न हाय म्हनलेल्या. त्यांना सांगायचं हुतं. घालू नका म्हनून."

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. ती शालू परत करायला आली नव्हती. भांडायला आली नव्हती. दुसऱ्या एका बाईच्या मुलीचं वाटोळं होऊ नये म्हणून ती गणेशपुरीहून एसटी पकडून आली होती.

मग तिने सांगितलं. वैशाखाचं ऊन, मांडवात पंखा नाही. वनिताला घाम आला आणि रंग सुटला. गळा, हात, पोट, सगळं लाल. नवरदेवाच्या पांढऱ्या कपड्यांवर खांद्यापासून कंबरेपर्यंत डाग. वऱ्हाडातली पोरं आधी हसली. मग सासू म्हणाली, फुटपाथवरचा शालू नेसवून पोरगी आमच्या गळ्यात मारली. सासरी तिचं नावच पडलं, रंगवाली. गणपतीला माहेरी पाठवली, ती न्यायला कुणी आलंच नाही. "तेवढ्यावरनं न्हाय हो," रंजना म्हणाली, "पन तिथनं सुरू झालं."

ती बोलत असताना इंदूबाई आत गादीवर बसलेल्या होत्या. अंगावर जांभळी साडी, हातात पाटल्या, आजूबाजूला सात-आठ बायका. रंजनाची नजर तिकडे गेली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"ताई! बरं झालं गावलात." ती धावत गादीपाशी गेली. "तुमच्या मुलीचं लग्न झालं का हो? तो शालू घालू नका तिला. बघा, बघा हा." तिने पिशवीतून शालू काढला. जागोजागी फिका, जागोजागी काळपट.

अन्सारभाईंनी मान खाली घातली. शेठ गल्ल्यावरून उठले आणि अर्धवट उभे राहिले. इंदूबाईंनी शालूकडे बघितलं, रंजनाकडे बघितलं. मग त्यांनी शालूचं टोक दोन बोटांत धरलं.

"माझ्या मुलीचं लग्न झालं," त्या म्हणाल्या. "लवकर करावं लागलं. हाच शालू होता. काही झालं नाही."

"काही न्हाय?"

"दिवसभर अंगावर होता. काही नाही."

"घामानं सुटला हो रंग..."

"मग तुमच्या मुलीचा घामच तसा असेल."

दोन-तीन बायका हसल्या. रंजनाचं तोंड उघडंच राहिलं. ती आठवायला लागली, प्रामाणिकपणे, आपलंच काही चुकलं का ते. "घडी मोडली हुती त्याची," ती म्हणाली. "आदल्या दिशी मी थोडं पानी शिपडून इस्तरी केली हुती..."

"झालं!" इंदूबाई शेजारणीकडे वळल्या. "शालूवर पाणी शिंपडतात का हो कुणी?"

"कुणीच नाही शिंपडत," शेजारीण म्हणाली. दुसरी म्हणाली, "आम्ही तर हातसुद्धा कोरडा करून घेतो." तिसरीने मान हलवली. या सगळ्यांनी आयुष्यात कधी ना कधी साडीवर पाणी शिंपडून इस्त्री केलेली असणार. पण पहिली म्हणाली म्हणून दुसरी म्हणाली, दुसरी म्हणाली म्हणून तिसरी.

रंजना वळून माझ्याकडे आली. "तुम्ही फॉल लावलेला ना, बाई? तेव्हा कापड चांगलं हुतं ना?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "खूप साड्या येतात."

तिने शालूची घडी घातली, पिशवीत ठेवला. जाताना ती इंदूबाईंना म्हणाली, "तुमची मुलगी सुखात हाय ना, ताई? बरं झालं. मला लई घोर लागलेला." आणि पायरी उतरून गेली.

त्या सकाळी त्या लॉटमधले तीन शालू गेले. जिची मुलगी दिवसभर नेसून सुखात होती, तिच्यासारखाच हवा होता सगळ्यांना.

दुपारी मागच्या खोलीत मी इंदूबाईंशी बोलले नाही. त्याच बोलल्या. "तू पन गप बसलीस," त्या म्हणाल्या.

यानंतर इंदूबाईंना पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या आणखी वर्षभर तशाच येत राहिल्या, तशाच बसत राहिल्या. मग एका सकाळी त्या मागच्या दाराने आल्या तेव्हा पदर तोंडावर होता. पदर काढला तर तोंडाची डावी बाजू खाली ओघळलेली. एक डोळा मिटत नव्हता. रात्री झोपताना ठीक होतं, सकाळी चूळ भरताना पाणी बाहेर आलं, त्या म्हणाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेक घ्यायला सांगितलं होतं. तोंड सरळ होईल, नाहीही होणार, म्हणाले.

शेठनी एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा बघितलं नाही. "इंदूबाय, तू बरी होईपरत येव नको. असा तोंड बघून कोन सारी घेईल? बायका भितात."

इंदूबाई तरी आल्या. दुकानातली साडी मिळाली नाही, तेव्हा स्वतःची सुती नेसून, पाटल्यांशिवाय, पुढच्या दाराने आल्या आणि गादीवर बसल्या. शेठना चारचौघींत काही बोलता येईना. इंदूबाईंनी एक निळी साडी उचलली. शेजारी त्याच गठ्ठ्यातली निळी साडी बघत असलेल्या बाईने आपल्या हातातली साडी खाली ठेवली. इंदूबाईंनी दुसरी उचलली, तर आणखी एक बाई उठली. त्यांच्याभोवती गादी रिकामी होत गेली. एकीने उठताना मुलीचा हात धरून तिलाही ओढलं.

इंदूबाईंच्या ते माझ्याआधी लक्षात आलं असणार. आयुष्यभर त्यांनी दुसरं बघितलंच काय होतं? त्यांनी हातातल्या साडीची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग अन्सारभाईंना म्हणाल्या, "मरून शालू किती उरलेत?"

"छे हैं, बाई."

"समदे आना."

अन्सारभाईंनी शेठकडे न बघता सहाच्या सहा आणून दिले. इंदूबाईंनी ते मांडीवर घेतले आणि दुकान बंद होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही. रोज तेच सहा शालू मागायच्या, मांडीवर घ्यायच्या आणि आपलं वाकडं तोंड दाराकडे करून बसायच्या. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका आत येऊन, बघून, दुसऱ्या कपाटाकडे वळायच्या. शेठनी आधी विनवलं, मग शिव्या दिल्या. इंदूबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक हाय मी. पसंत करतेय." चौथ्या दिवशी शेठनी ते शालू बांधून ज्याच्याकडून आणले होते त्याच्याकडे परत पाठवले. त्यानंतर इंदूबाई आल्या नाहीत. शेठवरचा सूड होता की आणखी काही, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या, त्या अर्ध्या तोंडाने.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते एसटी स्टँडवर, दुपारच्या वेळी. गणेशपुरीच्या गाडीतून उतरल्या. केस ओले, पदर तोंडावर. कुंडाचं पाणी तोंडाला चांगलं म्हणून दर सोमवारी जाते, म्हणाल्या. बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती पदराने टिपायच्या. आम्ही बाकड्यावर बसलो.

"ती दिसली," त्या म्हणाल्या.

कोण ते विचारायची गरज नव्हती.

"वाटंवर फुलं घिऊन बसते. मला वळखलीन न्हाय. कशी वळखनार? मला म्हनते, ताई, पानी कडक हाय, तोंड एकदम बुडवू नका. मी शेजारी बसले. पोरीचं इचारलं. घरीच हाय म्हनली, वेन्या करते आता. मी इचारलं, असं कसं झालं? तर म्हनली, माझीच चूक. शालूवर पानी शिपडलं मी. दुसऱ्या एका बाईनं तोच शालू घेतलेला, तिच्या पोरीला काय पन झालं न्हाय. सुखात हाय ती."

मी मग विचारलं, "तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?"

"की मुलगी नाहीच तुम्हाला."

इंदूबाईंनी न मिटणारा डोळा बोटाने मिटवला आणि थोडा वेळ तसाच दाबून धरला. "ती रोज त्या पोरीसाठी देवापुढं फूल ठेवते," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीसाठी. निदान एक तरी वाचली म्हनून. ते पन काढून घिऊ का तिच्या हातातनं?"

तेवढ्यात टेमघरची शेअर रिक्षा लागली आणि त्या उठल्या. पाठमोऱ्या झाल्या तेव्हा मला दिसलं, ओल्या अंबाड्यावर चाफ्याची वेणी होती, ताजी, घट्ट विणलेली. मागून येणाऱ्या एका तरुण बाईलाही ती दिसली. तिने पाऊल उचलून इंदूबाईंना गाठलं.

"मावशी, वेणी कुठून घेतली हो? मला पण अशीच हवी."

"गनेशपुरीला. कुंडाच्या वाटंवर एक बाई बसते," इंदूबाई म्हणाल्या, आणि मागे न बघता रिक्षात बसल्या.